वर्षावास आणि त्याची तरतूद

आपल्याकडे वयस्कर माणूस तरुणाला दटावताना म्हणतो, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी." उन्हाळे कुणी मोजत नाही. भिक्खूसंघात तर हाच हिशेब आजतागायत चालू आहे. भिक्खूचे वय जन्मापासून धरत नाहीत. उपसंपदा झाल्यावर त्याचे किती वर्षावास झाले त्यावर त्याची ज्येष्ठता ठरते. सत्तरीला आलेला नवा भिक्खू, दहा वस्स पूर्ण केलेल्या पस्तीस वर्षांच्या भिक्खूला वंदन करतो. पालीत 'वस्स' म्हणजे पाऊस आणि 'वस्स' म्हणजे वर्षही. आपला 'वर्ष' हा शब्द त्याच घरातला. माणूस किती गावे फिरला यापेक्षा किती वेळा एका जागी थांबला यावर त्याचा मान ठरावा, ही रीत जरा विचार करण्यासारखी आहे.

या स्मरणिकेत वर्षावासाबद्दल लिहावे असे आम्ही ठरवले त्याला कारण घडले. आषाढी पौर्णिमेला आपला विहार माणसांनी फुलून जातो, आणि श्रावण अर्धा सरेपर्यंत ग्रंथवाचनाला दहा-बारा जण उरतात. तरुण पोरं तोंडावर विचारतात, "तीन महिने नुसतं बसून काय होणार? काम करा, लढा द्या." प्रश्न रास्त आहे, त्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण चळवळीतला माणूस बसतो म्हणजे काय करतो आणि बसलेल्या माणसांनी काय घडवले, हे एकदा इतिहासात शिरून पाहिले पाहिजे.

सुरुवात सिद्धार्थ गौतमापासूनच करू. गृहत्यागानंतर त्यांनी जी तपश्चर्या केली तिची वर्णने आपण ऐकलेली आहेत. अन्न इतके कमी केले की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे. शरीराला पिळून काढण्यात कसलीच कसर राहिली नव्हती, आणि हाती मात्र काही लागले नव्हते. अशा वेळी त्यांना लहानपणची एक गोष्ट आठवली. वडील शेतीच्या कामात होते आणि ते स्वतः जांभळीच्या गार सावलीत बसले होते. कुणी बसवले नव्हते, काही मिळवायचेही नव्हते. तरी मन आपोआप शांत आणि प्रसन्न झाले होते. बोधीची वाट ही तर नसेल, असा विचार मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात येतो. मग त्यांनी अन्न घेतले, अंगात ताकद येऊ दिली. बरोबरच्या पाच परिव्राजकांना हे पटले नाही. गौतम ऐषारामी झाला, असे म्हणून ते निघून गेले. थांबणाऱ्याला नावे ठेवण्याची रीत तेव्हाही होतीच म्हणायची!

याच प्रसंगाबद्दल बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात एक लहानसा तपशील दिला आहे. तो वाचताना आपण पटकन पुढे जातो. गौतम ध्यानाला बसले तेव्हा त्यांनी चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न जमवून ठेवले होते, आणि चार आठवड्यांच्या चिंतनानंतर त्यांना बोधी झाली, असे बाबासाहेब सांगतात. आकाशातून काही उतरले नाही. माणूस विचार करायला बसला, पण बसण्याआधी पोटाची सोय करून बसला. हा तपशील बाबासाहेबांनीच टिपावा यात आम्हाला नवल वाटत नाही. अर्धपोटी विद्यार्थ्याला अभ्यास कसा जातो हे त्यांनी परदेशात शिकताना स्वतः भोगले होते.

पुढे आषाढी पौर्णिमेला सारनाथला धम्मचक्र प्रवर्तन झाले, आणि भगवंतांचा पहिला वर्षावास तिथेच झाला. रुसून गेलेले तेच पाच जण, मग यश नावाचा श्रेष्ठिपुत्र, मग त्याचे मित्र. पावसाळा संपेपर्यंत साठ अर्हंत झाले. त्यानंतरच, बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना जा, दोघे मिळून एका वाटेने जाऊ नका, असा आदेश त्यांना मिळाला. आपण तो आदेश प्रत्येक सभेत ऐकतो. त्याच्या आधी एक आख्खा पावसाळा बसून काढलेला होता, हे मात्र सभेत कुणी सांगत नाही.

वर्षावासाचा नियम मात्र तेव्हा झालेला नव्हता. तो झाला पुढे राजगृहाच्या वेळुवनात, आणि झाला तो लोकांच्या तक्रारीवरून. विनयपिटकाच्या महावग्गात हकिगत आहे. भिक्खू बाराही महिने हिंडत. पावसाळ्यात हिरवे गवत, रोपे पायाखाली येत, बारीक जीवजंतू मरत. लोक कुरकुर करू लागले. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून बसतात, आणि हे शाक्यपुत्र तेवढे भटकतात! ही कुरकुर तथागतांच्या कानी गेली आणि त्यांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. शेतकऱ्याच्या बांधावरून उठलेली तक्रार संघाचा कायदा झाली. नियमही आडमुठा नाही. कुणी आजारी असेल, कुठे उपासकाने दानासाठी किंवा धम्म ऐकण्यासाठी निरोप धाडला असेल, तर सात दिवसांत परत येण्याच्या बोलीवर जाता येते.

आता खरा मुद्दा. थांबायचे म्हणजे गप्प पडून राहायचे का? याचे उत्तर महावग्गातच आहे आणि ते फार मजेशीर आहे. कोसल देशात काही भिक्खू एकत्र वर्षावासाला बसले. भांडणतंटा नको, सुखाने दिवस जावेत म्हणून त्यांनी युक्ती काढली. तीन महिने कुणी कुणाशी बोलायचेच नाही! जो आधी भिक्षेहून येईल त्याने आसने मांडावीत, पाणी ठेवावे. जो मागून येईल त्याने झाडलोट करावी. जड हंडा उचलायचा असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे, पण तोंड उघडायचे नाही. वर्षावास संपला, मंडळी भगवंतांच्या भेटीला गेली आणि आम्ही कसे गुण्यागोविंदाने राहिलो ते मोठ्या हौसेने सांगितले. शाबासकी मिळेल असे वाटले असणार. भगवान म्हणाले, हे तर जनावरांसारखे राहणे झाले. मेंढरेही एकत्र राहतात. आणि त्याच प्रसंगी त्यांनी पवारणा घालून दिली. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघापुढे बसावे आणि माझ्याकडून काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती करावी. मोठ्यातल्या मोठ्या थेरानेही करावी.

आम्हाला विचाराल तर वर्षावासाचा अर्धा प्राण या पवारणेत आहे. तीन महिने एका छपराखाली राहिलेली माणसे एकमेकांना ओळखू लागतात. खोड्या कळतात, गुणही कळतात. ते बोलून दाखवायची रीत असेल तर थांबण्यातून काही नवे निघते. ती नसेल तर नुसता सुस्तावा. आपल्या मंडळांच्या किती बैठका अशा होतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

अशा बसण्यातून काय निघाले त्याचा सर्वांत मोठा दाखला पहिल्या संगीतीचा. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर महाकस्सप थेरांच्या पुढाकाराने पाचशे भिक्खूंनी राजगृहात वर्षावास करायचा आणि त्या काळात धम्म व विनय एकत्र गायचा असे ठरले. चुल्लवग्गात एक साधी गोष्ट नोंदवली आहे. पहिला महिना त्यांनी पडझड झालेल्या राहत्या जागांची डागडुजी केली आणि दुसऱ्या महिन्यात संगायनाला बसले. गळके छप्पर डोक्यावर घेऊन त्रिपिटक रचता येत नाही, हे त्या थेरांना कळत होते. विनय उपालींनी सांगितला. ते पूर्वीचे न्हावी. धम्म आनंदांनी सांगितला.

त्या आनंदांची गोष्ट तर आपल्या विषयाचीच आहे. पंचवीस वर्षे त्यांनी भगवंतांची सेवा केली, सगळी वचने मुखोद्गत, पण अर्हत्पद मिळाले नव्हते. उद्या संगीती आणि आपण असे अपुरे, म्हणून रात्रभर त्यांनी चंक्रमण केले, जिवाचा आटापिटा केला. पहाट व्हायला आली. काही होत नाही असे पाहून जरा आडवे व्हावे म्हणून ते कलंडले. पाय जमिनीवरून उचललेले, डोके अजून उशीला टेकलेले नाही, एवढ्याशा क्षणात त्यांचे चित्त मुक्त झाले. वर्षानुवर्षांची मेहनत नसती तर आडवे होऊन झोपच लागली असती, हे उघड आहे. पण ताण सैल पडल्याशिवाय ती मेहनत फळाला आली नाही, हेही तितकेच उघड आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. आपण नाशिककर ज्यांना सवयीने पांडवलेणी म्हणतो, त्या लेण्यांचा पांडवांशी काडीचा संबंध नाही. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी, ते लेण्यांतल्या शिलालेखांतच आहे. फाळके स्मारकाकडून पायऱ्या चढून आपण मुलाबाळांसह जातो, फोटो काढतो, डबा खातो. पुढच्या वेळी दहा नंबरच्या लेण्यात जरा थांबा. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते लेणे खोदवून संघाला दिले आणि पाण्याच्या पोढीही करवल्या. त्याचे लेख ओसरीच्या भिंतींवर आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षे झाली.

त्यातल्या एका लेखात चक्क हिशेब कोरलेला आहे. वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली, अक्षयनीवी. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ठेव कुठे ठेवली? गोवर्धन इथल्या, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या, विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा दर शेकडा एक कार्षापण व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा दर शेकडा पाऊण कार्षापणाने. आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

शाळकरी पोरालाही हे गणित घालता येईल. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी कमी नाही, एक जास्त नाही. दुसऱ्या हजाराचे व्याज भिक्खूंच्या इतर खर्चासाठी. आणि हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले, दप्तरी नोंदवले, असेही लेखात लिहिले आहे. आजच्या आपल्या पतपेढ्यांनी आणि विहार कमिट्यांनी या लेखाची एक प्रत भिंतीवर लावायला हरकत नाही!

कार्ल्याच्या लेण्यातही याच उषवदाताचा लेख आहे. वलूरक, म्हणजे आजचे कार्ले, तिथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक गाव दिले. पुढे नहपानाचा पाडाव करून सातवाहन आले. राज्य बदलले, शत्रूचे दान मोडीत काढता आले असते. पण गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळात तेच करजिक गाव पुन्हा कार्ल्याच्या भिक्खूंनाच देण्यात आले. राजे एकमेकांचे वैरी, तरी पावसाळ्यात बसणाऱ्यांची तरतूद दोघांनी राखली.

या तरतुदीवर काय उभे राहिले ते सह्याद्रीच्या कड्याकड्यावर दिसते. भाजे, कार्ले, जुन्नर, कान्हेरी, अजिंठा. पावसाळ्यापुरता निवारा म्हणून सुरू झालेल्या आवासातून विहार झाले, विहारांतून शिल्प, चित्रे आणि शाळा झाल्या. थेरगाथेतले कितीतरी थेर पावसावर, भरून आलेल्या ढगांवर, नीट शाकारलेल्या कुटीवर कविता करतात. हिंडत्या माणसाला पाऊस म्हणजे चिखल. पाऊस ऐकायचा तर आधी बसावे लागते.

पण इथे एक बोच आहे आणि ती झाकून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. त्या वीस भिक्खूंच्या चीवराचे दोनशे चाळीस कार्षापण माग चालवणाऱ्या विणकरांच्या कष्टातून येत होते. त्या विणकराला पावसाळ्यात बसायला मिळत होते का? संघाने आपल्या परीने परतफेड केली. धम्म सांगितला, लेणी सर्वांना खुली ठेवली. तरीही एकाच्या विश्रांतीला दुसऱ्याचे कष्ट लागतात, हा हिशेब पुसता येत नाही.

आणि आपल्या वाडवडिलांकडे पाहिले तर तो हिशेब अंगावर येतो. गावकीत महाराला रात्रंदिवसाची चाकरी. येसकराची पाळी असली की वेळ-काळ नाही. सरकारी हरकामासाठी केव्हाही हाक येई, आणि घरचा कर्ता हजर नसेल तर बापाला, भावाला, जो असेल त्याला जावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले तेव्हा या चोवीस तासांच्या बांधिलकीवरच बोट ठेवले. ज्याचा दिवस त्याचा नाही आणि रात्रही त्याची नाही, त्याने विचार कधी करायचा? आपल्या समाजात बुद्धी नव्हती असे म्हणणाऱ्यांना एवढाच प्रश्न विचारावा.

पुढे गाव सोडून लोक मुंबईच्या गिरण्यांत आले. तिथे आठवड्याची सुट्टीसुद्धा लढून घ्यावी लागली. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी विहारात जमतो तो रविवार असा आलेला आहे. नंतर १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. भरपगारी रजेचा कायदा त्याच काळातला, आणि कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे बिल त्यांनीच १९४६ साली मांडले. आठवड्याचे सहा तास! उषवदाताच्या शिलालेखाशेजारी आम्ही हा कायदा ठेवतो. फरक एवढाच की इथे तरतूद वीस भिक्खूंची नव्हती, माग चालवणाऱ्याची होती.

बाबासाहेबांना स्वतःला मात्र विसावा असा मिळालाच नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत हार झाली, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही. शरीर मधुमेहाने खिळखिळे झालेले. लोकांनी म्हटले असेल, संपले आता. दिल्लीच्या २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात ते वाचीत, लिहीत, आणि त्या वयात व्हायोलिनही शिकू लागले होते. त्याच पाच वर्षांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून झाला. प्रस्तावनेखाली तारीख आहे १५ मार्च १९५६. मंत्रिपदाच्या धबडग्यात हा ग्रंथ लिहून झाला असता का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आम्हाला तरी तसे वाटत नाही. ५ डिसेंबरच्या रात्रीसुद्धा या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने त्यांनी उशाशी मागून घेतली होती. छापलेला ग्रंथ त्यांना पाहायला मिळाला नाही. तो १९५७ साली सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने काढला.

आज महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर आषाढी ते आश्विन पौर्णिमा तोच ग्रंथ वाचला जातो. ही रीत प्राचीन विनयात नाही. ती आपल्या लोकांनी घडवली. भिक्खूंच्या वर्षावासात गृहस्थांनी आपली जागा करून घेतली, आणि वाचायला घेतला तो एका दमलेल्या पण न थकलेल्या माणसाने लिहिलेला ग्रंथ. आमच्या मते ही विसाव्या शतकातली बौद्ध धम्मातली एक मोठी नवनिर्मिती आहे, आणि ती कुठल्या परिषदेत ठराव करून झालेली नाही.

आपल्या विहारापुरते एक बोलायचे राहिले. वाचन चालू असते तेव्हा बहुतेक उपासिका मागे भोजनदानाच्या स्वयंपाकात असतात. थेरीगाथेत मुत्ता थेरी सांगते की ती उखळ, मुसळ आणि कुबड्या नवरा या तीन वाकड्या गोष्टींतून सुटली. पुण्णिका तर पाणी भरणारी दासी. या बायांना बसायला जागा आणि वेळ मिळाला म्हणून अडीच हजार वर्षांनंतर त्यांचे शब्द आपल्यापाशी आहेत. आपल्या उपासिकांनी पुऱ्या लाटत भिंतीपलीकडून ऐकायचे, ही कसली तरतूद? म्हणून कमिटीने ठरवले आहे की या वर्षावासात वाचनाच्या दिवशी स्वयंपाक होणार नाही, फक्त चहा होईल आणि तो पुरुष मंडळी करतील. रोज चार पाने वाचून झाली की अर्धा तास ज्याला जे वाटले ते बोलायचे, लहानांनीही बोलायचे. आश्विन पौर्णिमेला पवारणेप्रमाणे कमिटीचे पदाधिकारी सर्वांसमोर बसतील आणि ज्याला जे सांगायचे ते ऐकून घेतील.

ज्यांना पाळीमुळे, शेतीमुळे किंवा दुखण्याबाण्यामुळे आषाढीपासून येणे जमणार नाही, त्यांनी संकोच करू नये. विनयात वर्षावासाला बसण्याच्या दोन तिथी आहेत. पहिली चुकली तर महिन्याभराने, श्रावण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बसता येते, आणि त्यांचा वर्षावास कार्तिक पौर्णिमेला पुरा होतो. त्यांच्यासाठी विहार तेवढा महिना जास्त उघडा राहील. वेळ रात्री साडेआठची.